ब्लोअर धुतलेल्या पाण्यासाठी बुरशीचा खड्डा

फळछाटणी झाली की तासगाव, मिरज, पलूस, कवठेमहांकाळ या भागांत फवारणीचे दिवस सुरू होतात आणि ते थेट मणी पाणी धरेपर्यंत चालतात. या काळात वेलीवर काय पडते, किती पडते आणि काढणीपूर्वी किती दिवस थांबायचे याचा हिशेब बागायतदार चोख ठेवतो, कारण निर्यातीच्या द्राक्षाची औषधाच्या उर्वरित अंशासाठी तपासणी होते. मात्र ज्या जागी टाकी भरली जाते, औषध ओतताना चार थेंब सांडतात, संध्याकाळी ब्लोअर, म्हणजे ट्रॅक्टरचे फवारणी यंत्र, धुतला जातो आणि ते पाणी विहिरीच्या कडेने चरातून वाहून जाते, त्या जागेचा हिशेब सहसा कोणाच्याच वहीत नसतो. युरोपात जेव्हा याचा अभ्यास झाला, तेव्हा ओढ्यानाल्यांत सापडणाऱ्या कीटकनाशकांचा मोठा वाटा शेतातून झिरपून नव्हे, तर अशा भरण्याधुण्याच्या ठिकाणांहून येतो असे दिसून आले. त्यावर तोडगा म्हणून स्वीडनमध्ये १९९३ साली एक साधा खड्डा तयार करण्यात आला. तळाला चिकणमातीचा थर, त्यावर काड, पीट (दलदलीत अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा भुसभुशीत थर) आणि माती यांचे अर्धा मीटर जाडीचे मिश्रण आणि वर गवत अशी त्याची रचना होती. या खड्ड्यात खरे काम करतात त्या लाकूड कुजवणाऱ्या बुरशी आणि त्यांची विकरे, म्हणजे एन्झाइम. तोच खड्डा सांगली जिल्ह्यात मिळणाऱ्या सामग्रीतून कसा बांधावा आणि कसा राखावा, हे येथे सविस्तर दिले आहे.

बांधणीकडे वळण्यापूर्वी ही बुरशी नेमके काय करते हे समजून घ्यावे, कारण पुढच्या जवळजवळ प्रत्येक सूचनेचे कारण त्यातच आहे. झाडाच्या काडीला ताठपणा देणारा लिग्निन हा पदार्थ आकाराने प्रचंड आणि रचनेने इतका वेडावाकडा असतो, की तो पेशीच्या आत घेऊन पचवणे कोणत्याही सूक्ष्मजीवाला शक्य नसते. म्हणून लाकडाची पांढरी कुज करणाऱ्या बुरशी आपली विकरे पेशीबाहेर सोडतात. त्यांपैकी लॅकेस या विकराच्या गाभ्यात तांब्याचे चार अणू असतात. ते हवेतील ऑक्सिजन वापरून फिनॉलसारख्या रेणूंचे ऑक्सिडीकरण करते आणि त्यात ऑक्सिजनचे पाणी होते. जपानी संशोधक योशिदा यांनी १८८३ मध्ये लॅकर हे रोगण देणाऱ्या जपानी झाडाच्या चिकात ते प्रथम पाहिले. लिग्निन पेरॉक्सिडेज आणि मँगनीज पेरॉक्सिडेज या दुसऱ्या दोन विकरांना मात्र हायड्रोजन पेरॉक्साइड लागते, आणि तेही बुरशी स्वतःच तयार करते. ही विकरे कुलपाला एकच किल्ली बसावी तशी चोखंदळ नसतात. लिग्निन तोडताना जे क्रियाशील रेणू तयार होतात, ते शेजारी असलेल्या लिग्निनसारख्या वलयी रचनेच्या कीटकनाशकालाही सोडत नाहीत. अमेरिकेतील संशोधकांनी १९८५ मध्ये फॅनेरोकीट क्रायसोस्पोरियम या बुरशीने डीडीटी आणि लिंडेनसारखी चिवट रसायने तोडून दाखवली, तेव्हापासून या विषयाला खरी गती आली. आपल्याकडे भाजी म्हणून खाल्ली जाणारी धिंगरी अळिंबी याच गटातली आहे, आणि आपल्याला तीच उपयोगी पडते, कारण तिचे काढणी संपलेले बेड, म्हणजे ती वाढवलेल्या काडाच्या पिशव्या, सहज मिळतात आणि त्यांत बुरशीची जाळी व विकरे दोन्ही शिल्लक असतात.

बाजारात शुद्ध लॅकेस विकत मिळते. ते घेऊन पाण्यात ओतावे असा विचार मनात येतो, पण शेतावर तो मार्ग परवडणारा नाही. विकर हे प्रथिन असल्यामुळे उघड्या पाण्यात ते लवकर निकामी होते, शिवाय बऱ्याच कीटकनाशकांसाठी नुसते लॅकेस पुरेसे नसते. बुरशीच्या पेशीच्या आतही पी-४५० गटाची विकरे असतात आणि काही रसायने तीच हाताळतात. जिवंत बुरशी ही विकरांची चालती भट्टी आहे, म्हणून विकरापेक्षा बुरशी सांभाळणे स्वस्त पडते.

जागा आणि खड्डा

जिथे टाकी भरली जाते त्याच्या शेजारी, पण विहीर, कूपनलिका आणि शेततळे यांच्यापासून जमेल तितक्या लांब आणि उताराच्या खालच्या अंगाला जागा निवडावी. दोन ते तीन एकरांच्या बागेसाठी २ मीटर लांब, २ मीटर रुंद आणि ६० सेंटीमीटर खोल खड्डा पुरतो. मूळ खड्ड्यात तळाला १० सेंटीमीटर चिकणमातीचा थर असतो. आपली काळी माती ओली असताना तेच काम उत्तम करते, परंतु उन्हाळ्यात ती वाळली की तिला बोटभर भेगा पडतात आणि सगळे पाणी थेट खाली जाते. तिच्यावर विसंबू नये. शेततळ्याला वापरतात तो ५०० मायक्रॉनचा प्लास्टिक कागद, एखादा उरलेला तुकडा असला तरी चालेल, तळाला आणि चारही बाजूंना अखंड अंथरावा. त्यावर वितभर जाडीचा वाळूखडीचा थर द्यावा, त्यात छिद्रे पाडलेला एक पाइप टाकून त्याचे तोंड कडेला जमिनीत पुरलेल्या ड्रमात सोडावे. या ड्रमात उतरलेले पाणी पुन्हा खड्ड्यावरच टाकायचे असते. वाळूखडीच्या थरामुळे खोली कमी होते, म्हणून खड्ड्याच्या कडेला विटांचा दोन थरांचा बांध घालून ती भरून काढावी. या बांधामुळे पावसाच्या वाहत्या पाण्यालाही अटकाव होतो.

वर पत्र्याचे किंवा साध्या प्लास्टिकचे छप्पर असलेच पाहिजे. हा खर्च वाचवावा असे मलाही एकदा वाटले होते. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात खड्डा काठोकाठ भरला, आठ दिवसांत त्याला गटारासारखा वास सुटला आणि धिंगरीची पांढरी जाळी काळी पडून गेली. त्यात नवल काहीच नव्हते. या बुरशीला आणि तिच्या विकरांना ऑक्सिजन लागतो, तर पाणी साचलेल्या मिश्रणात तो उरत नाही. उन्हाळ्यात तेच छप्पर दुसऱ्या अर्थाने कामी येते, कारण पारा चाळिशीला टेकला की धिंगरी तग धरत नाही.

मिश्रण

मूळ प्रमाण आकारमानाने अर्धे काड, पाव भाग पीट आणि पाव भाग वरची माती असे आहे. मोजमाप वजनाने न करता घमेल्याने करावे. २ मीटर चौरस आणि ५० सेंटीमीटर जाडीच्या मिश्रणाचे आकारमान २,००० लिटर होते. एकत्र कालवल्यावर मिश्रण बसते, म्हणून प्रत्येक घटक थोडा जास्तच घ्यावा.

काडाच्या जागी उसाचे पाचट आपल्याकडे मुबलक आहे, आणि ते जाळण्यापेक्षा येथे वापरणे केव्हाही बरे. गव्हाचे काड चालते, भाताचा पेंढा चालतो, साखर कारखान्याचा बगॅस चालतो, आणि एप्रिलच्या खरडछाटणीत निघालेल्या द्राक्षकाड्या बारीक करून घातल्या तर फारच छान, इटलीत द्राक्षबागांसाठी असे खड्डे करताना त्यांचाच वापर झालेला आहे. ज्वारीचा कडबा वापरू नये असे शास्त्र सांगत नाही, पण ज्याच्या दावणीला जनावर आहे तो वापरणारही नाही. काड ३ ते ५ सेंटीमीटर लांबीचे कापून घ्यावे. या अर्ध्या भागातला निदान ४० टक्के वाटा धिंगरीच्या वापरलेल्या बेडचा असावा. निर्जंतुक न केलेल्या मातीत थोडेसे बियाणे टाकून धिंगरी रुजत नाही, तिथले सूक्ष्मजीव तिला गिळून टाकतात. ती आधीच पसरलेली, भरपूर आणि जोमदार असेल तरच तिचा निभाव लागतो. बेड जवळच्या अळिंबी उत्पादकाकडून दुसरी किंवा तिसरी काढणी झाल्याबरोबर आणावेत, आतून पांढरे असावेत, हिरवी बुरशी धरलेला बेड सरळ बाजूला काढावा. बेड फोडताना तोंडाला मास्क बांधावा, कारण धिंगरीचे बीजाणू श्वासातून जात राहिल्यास फुप्फुसाचा त्रास होतो.

ज्यांना बेड मिळत नाहीत त्यांनी स्वतः करावेत. काड रात्रभर भिजवून ८० अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवावे, निथळून गार झाल्यावर पिशवीत थराथराने बियाणे पेरून भरावे आणि २५ अंशांच्या आसपास, अंधाऱ्या खोलीत पंधरावीस दिवस ठेवावे. बियाणे, म्हणजे स्पॉन, पुण्याच्या कृषी महाविद्यालयातील अळिंबी संशोधन प्रकल्पात मिळते.

पीट आपल्याकडे नाही. त्याऐवजी कोकोपीट घ्यावे. ५ किलोची वीट भिजली की सुमारे ७० लिटर भरते, म्हणजे ५०० लिटरसाठी सात ते आठ विटा लागतात. मात्र नारळाच्या भुश्यात मिठाचा अंश असतो, आणि मिठातील क्लोराइड लॅकेसचे काम मंदावते, म्हणून कोकोपीट दोनतीनदा चांगल्या पाण्यात धुऊन घ्यावे.

मातीच्या बाबतीत आपली अडचण मूळ देशापेक्षा वेगळी आहे. ही विकरे आम्लधर्मी वातावरणात, सामू (पीएच) साधारण ४ ते ६ असताना चांगली चालतात. स्वीडनच्या खड्ड्यात पीटमुळे सामू सहाच्या आसपास येतो. आपली काळी जमीन चुनखडीयुक्त असते, तिचा सामू ८ च्या घरात जातो, आणि कृष्णाकाठच्या चोपण जमिनीत तर क्षारही भरपूर. चोपण माती अजिबात घेऊ नये. शक्य असल्यास माळाची तांबूस, हलकी माती आणावी. काळीच घ्यावी लागली तर तिचा वाटा पाव भागाऐवजी सहाव्या हिश्श्यापर्यंत खाली आणून तेवढे कोकोपीट वाढवावे.

आता दोन गोष्टी, ज्या शेतकऱ्याच्या हाताला सवयीने घडतात आणि येथे घडू द्यायच्या नाहीत. पहिली म्हणजे शेण, स्लरी किंवा युरिया टाकणे. कंपोस्ट करताना आपण नत्र देतो, कारण कुजणे जलद व्हावे असे आपल्याला हवे असते. येथे आपल्याला जलद कुजणे नको, लिग्निन तोडणारी विकरे हवी आहेत, आणि फॅनेरोकीटसारख्या बुरशीत तर नत्राचा तुटवडा पडल्यावरच ती जोमाने तयार होतात. शिवाय नत्र वाढले की जिवाणू माजतात, मिश्रण तापते आणि धिंगरी भाजून निघते. दुसरी गोष्ट ट्रायकोडर्मा. बागेत ती मित्रबुरशी असली तरी तिचे काम इतर बुरशींवर हल्ला करणे हेच आहे. बेडवर जी हिरवी बुरशी येते ती बहुधा हीच असते. मिश्रणात ट्रायकोडर्माचे द्रावण टाकणे म्हणजे आपणच राखण बसवून आपणच चोराला दार उघडून देणे होय.

सगळे घटक फावड्याने एकजीव करावेत. ओल इतकी असावी, की मूठभर मिश्रण घट्ट दाबल्यावर बोटांतून दोनचार थेंब निघावेत, धार लागू नये. खड्डा भरून ओल्या गोणपाटाने झाकावा आणि किमान एक महिना काहीही न टाकता तसाच ठेवावा. सुरुवात सप्टेंबरच्या आत केली, तर छाटणीनंतरच्या फवारण्यांपर्यंत खड्डा तयार होतो. महिन्याने वरचा थर बाजूला करून पाहावे. काडावर पांढरी जाळी आणि ओल्या रानासारखा वास असेल तर खड्डा लागला असे समजावे. पुढे वर हरळी लावावी. गवत मिश्रणातले पाणी शोषून वाफेच्या रूपाने हवेत सोडते आणि कुठे ते मरू लागले तर तिथे औषध जास्त पडत असल्याची खूणही देते.

पाणी किती आणि कोणते

खड्ड्याची भूक मर्यादित असते. ४ चौरस मीटर क्षेत्रावर १ मिलिमीटर पाणी म्हणजे ४ लिटर. हिवाळ्यात गवतावरून आणि मिश्रणावरून रोज ३ ते ४ मिलिमीटर उडून जाते असे धरले, तर खड्डा दिवसाला १२ ते १६ लिटरपेक्षा जास्त सोसत नाही. ब्लोअर धुवायला मात्र एका वेळी सहज पन्नास ते शंभर लिटर लागतात. म्हणून धुण्याचे पाणी आधी ५०० लिटरच्या टाकीत साठवावे, कपड्याच्या पिशवीतून गाळावे आणि जुन्या ठिबकच्या नळीने रोज थोडे थोडे खड्डाभर पसरवून सोडावे. प्रत्येक बागायतदाराकडे निरुपयोगी नळीचे वेटोळे पडलेले असते, त्याला हे काम द्यावे.

मुळात पाणी कमी आणि पातळ यावे हे पाहणे आपल्या हातात आहे. औषधाचे डबे तीनदा विसळून ते पाणी फवारणीच्या टाकीतच ओतावे. टाकीचे पहिले धुणे बागेतच ओळींवर फवारून संपवावे. खड्ड्यावर यावे ते शेवटचे धुणे आणि भरताना सांडलेले थेंब. उरलेले तयार द्रावण किंवा मुदत संपलेले औषध खड्ड्यात कधीही ओतू नये.

येथे एक शंका कोणाच्याही मनात येईल, आणि ती रास्त आहे. द्राक्षावर आपण मारतो ती बहुतेक बुरशीनाशके, मग बुरशीनेच ती पचवावीत हे कसे व्हायचे? याचे उत्तर औषधागणिक वेगळे आहे. डाऊनीसाठीच्या, म्हणजे केवडा रोगासाठीच्या मेटॅलॅक्सिल किंवा डायमेथोमॉर्फ यांचा रोख ज्या जीवावर असतो, तो काटेकोर अर्थाने बुरशी नव्हेच. त्याची पेशीभित्तिका सेल्युलोजची असते आणि धिंगरीची कायटिनची, त्यामुळे धिंगरीला त्यांचा फारसा त्रास होत नाही. कार्बेन्डॅझिमच्या बाबतीत तर अळिंबी उत्पादकांचाच अनुभव पुरेसा आहे, कारण रासायनिक पद्धतीने काड निर्जंतुक करताना ते ७५ पीपीएम कार्बेन्डॅझिम वापरतात आणि तरीही धिंगरी उगवते. भुरीसाठीची हेक्साकोनॅझोल, टेब्युकोनॅझोल ही ट्रायझोल गटातील औषधे मात्र बुरशीच्या पटलावरच घाव घालतात, म्हणून त्यांचे धुणे दुप्पट पाणी घालून द्यावे आणि त्यानंतर दोन दिवस खड्ड्याला विश्रांती द्यावी.

बोर्डो मिश्रण आणि इतर ताम्रयुक्त औषधांचे पाणी खड्ड्यात येता कामा नये. तांबे हा धातू आहे. रेणू तोडता येतो, मूलद्रव्य तोडता येत नाही. थोडे तांबे लॅकेसची निर्मिती वाढवते हे खरे, पण दरवर्षी साचत गेलेले तांबे शेवटी त्याच बुरशीला मारते, आणि बोर्डोतला चुना सामू वर नेतो तो वेगळाच. त्याचे धुणे बागेतच मारून टाकावे.

अडकले की पचले?

खड्ड्याखालच्या ड्रमात उतरलेले पाणी स्वच्छ दिसले म्हणून काम झाले असे मानण्याची चूक सर्रास होते. कोकोपीट, माती आणि काड ही तिन्ही रसायने धरून ठेवतात. धरून ठेवणे आवश्यकच आहे, कारण त्यामुळे बुरशीला वेळ मिळतो, पण मेलेल्या खड्ड्यातूनही काही महिने स्वच्छ पाणी येऊ शकते आणि विष आतच साचत राहते. फरक ओळखण्यासाठी विकरे जिवंत आहेत की नाहीत ते पाहावे लागते. जवळच्या महाविद्यालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात ही चाचणी तासाभरात होते. खड्ड्याच्या चार कोपऱ्यांतून, हातभर खालून मिश्रण घ्यावे, पाचपट पाण्यात ढवळून गाळावे आणि त्याचे दोन भाग करावेत. एक भाग दहा मिनिटे उकळावा. दोन्हींत सामू ५ असलेले अ‍ॅसिटेट बफर आणि थोडे ग्वायकॉल (लॅकेसमुळे रंग बदलणारे रसायन) टाकावे. न उकळलेला भाग तांबूस तपकिरी झाला आणि उकळलेला तसाच राहिला, तर लॅकेस काम करीत आहे. दोन्हींचा रंग सारखाच बदलला तर तो विकराचा पुरावा नव्हे. ही चाचणी छाटणीपूर्वी एकदा आणि जानेवारीत एकदा करावी. रंग उतरत गेला तर वरचे मिश्रण सैल करून नवे बेड मिसळावेत.

घरी करता येण्यासारखी दुसरी तपासणी बियांची आहे. तीन ताटल्यांत टिपकागदावर काकडीच्या किंवा मेथीच्या वीस वीस बिया ठेवाव्यात, एकीला विहिरीचे पाणी, दुसरीला धुण्याचे मूळ पाणी आणि तिसरीला ड्रमातले पाणी द्यावे, आणि चार दिवसांनी किती बिया उगवल्या व मुळे किती लांब आली ते मोजावे. काही तणनाशकांचा अंश असेल तर तो येथे लगेच दिसतो. परंतु कीटकनाशक किंवा बुरशीनाशक असलेल्या पाण्यातही बी खुशाल उगवू शकते, त्यामुळे ही तपासणी नापास झाली तर तिच्यावर विश्वास ठेवावा, पास झाली तर ठेवू नये. खात्री हवी असल्यास ज्या प्रयोगशाळा द्राक्षातील उर्वरित अंश तपासतात, तिथे ड्रमातले पाणी आणि खड्ड्यातले मिश्रण असे दोन्ही नमुने द्यावेत. नुसते पाणी देऊन उपयोग नाही, कारण प्रश्न अडकलेल्याचा आहे.

राखण

काड कुजते तसे मिश्रण दरवर्षी खाली बसते. पावसाळ्याच्या शेवटी खड्डा उघडून जितका भाग कमी झाला असेल तितके ताजे काड आणि बेड घालून वरचा अर्धा भाग कालवावा, तळ हलवू नये. उन्हाळ्यात फवारणी नसली तरी आठवड्यातून दोनदा साधे पाणी शिंपडून ओल टिकवावी. खड्ड्यावर कधी धिंगरीचे घोस उगवतात आणि दिसायला अगदी बाजारातल्यासारखे असतात. ते कोणीही खाऊ नयेत, जनावरालाही देऊ नयेत, खुडून त्याच मिश्रणात दाबावेत. खड्ड्यात काम करताना रबरी हातमोजे आणि बूट घालावेत.

पाच ते आठ वर्षांत काडाचा भाग जवळजवळ मातीसारखा होतो आणि मिश्रण पूर्ण बदलावे लागते. फेब्रुवारीनंतर, शेवटचे पाणी देऊन दोन महिने झाल्यावर ते बाहेर काढावे, प्लास्टिकवर ढीग करून झाकावे आणि मधूनमधून वरखाली करीत, ओल राखत वर्षभर कुजू द्यावे. त्या ढिगाचा नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्यावा, त्यात तांब्याचीही मोजणी करण्यास सांगावे. अहवाल चांगला आल्यावरच तो ढीग बांधाच्या झाडांना पातळ पसरावा, पालेभाजीच्या वाफ्यात घालू नये. जुन्या मिश्रणातली दोन घमेली मात्र नव्या खड्ड्यासाठी बाजूला काढून ठेवावीत. आपल्या बागेतली औषधे सरावाने पचवू लागलेले सूक्ष्मजीव त्यांत असतात, आणि नवा खड्डा लागायला त्यामुळे कमी वेळ लागतो.